सिरोंच्याला बदली होऊन येणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि कर्मचाऱ्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

बदलीच्या यादीत आपल्या नावापुढे 'सिरोंचा' वाचल्यावर घरात काय बोलणे होते, याची आम्हाला कल्पना आहे. नकाशा उघडला जातो. बोट गडचिरोलीवर जाते, तिथून खाली सरकते, आष्टी, आलापल्ली मागे पडते आणि जिथे महाराष्ट्र संपतो तिथे येऊन थांबते. मग फोनाफोनी सुरू होते. आदेश फिरेल का, निदान अहेरी तरी मिळेल का. मुलांच्या शाळा, म्हाताऱ्या आईवडिलांचे औषधपाणी, जोडीदाराची नोकरी, या काळज्या खऱ्या आहेत आणि त्याबद्दल आमच्या मनात राग नाही. पण रुजू होणारा माणूस पहिल्या दिवसापासून परतीच्या आदेशाची वाट पाहत बसला की तालुक्याची दोन-तीन वर्षे वाया जातात. म्हणून आपण येण्याआधीच हे पत्र लिहीत आहे.

मी इथेच वाढलो. घरात तेलुगू, शाळेत मराठी, दुकानात दोन्ही, आणि आठवडी बाजारात जंगलाकडच्या गावांतून येणाऱ्या माडिया-गोंड माणसांशी मोडकीतोडकी गोंडी. तहसीलदार, डॉक्टर, वनाधिकारी, अभियंते, तलाठी, गुरुजी किती आले आणि गेले. ज्यांची नावे आजही चहाच्या टपरीवर आदराने निघतात ते सगळेच काही फार हुशार नव्हते, पण ते आल्याबरोबर विचारायचे: ही नदी कुठून येते, त्या गावाला आधी कुठला रस्ता होता, तुमचे पाहुणे पलीकडे कसे. माझी विनंती तेवढीच आहे. पहिल्या पंधरवड्यात या तालुक्याचा भूगोल आणि इतिहास समजून घ्या. इथली जवळजवळ प्रत्येक फाईल मागे मागे नेली तर नदीपाशी किंवा इंग्रज आणि निजाम यांच्यातल्या १८६० च्या तहापाशी जाऊन थांबते.

आधी नदी.

सिरोंचा प्राणहितेच्या डाव्या काठावर वसले आहे. थोडे खाली, पलीकडच्या काठावर कालेश्वरम आहे. तिथल्या देवळात एकाच पीठावर दोन लिंगे आहेत, एक काळाचे म्हणजे यमाचे आणि दुसरे मुक्तेश्वराचे. तिथे प्राणहिता गोदावरीला मिळते. नाशिकला त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी नांदेड जिल्ह्यातून तेलंगणात शिरते, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राच्या लेखी ती गेलेली असते. ती आम्हाला इथे परत भेटते आणि तालुक्याची दक्षिण हद्द आखत पुढे जाते. आणखी खाली सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते. ओडिशातल्या कालाहांडीत उगम पावून, जगदलपूरवरून, चित्रकोटच्या धबधब्यावरून आलेले ते पाणी. सोमनूरला उभे राहिले की महाराष्ट्र, छत्तीसगड आणि तेलंगण ही तिन्ही राज्ये एका नजरेत मावतात. एकदा आवर्जून जा, पण पावसाळा सोडून.

प्राणहिता हे नाव ज्या पाण्याला चपराळ्याजवळ मिळते, ते मुळात वर्धा आणि वैनगंगा यांचे पाणी आहे. वर्धा बैतुल जिल्ह्यातल्या मुलताईजवळून निघते, वैनगंगा सिवनी जिल्ह्यातून. पैनगंगा वर्धेतच येते. म्हणजे यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या सगळ्या जिल्ह्यांवर पडलेला पाऊस शेवटी आमच्या घाटावरून जातो. प्राणहितेचे खोरे सुमारे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटरचे, गोदावरीच्या एकूण खोऱ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. लांबी मात्र ११३ किलोमीटरच्या आसपास. एवढे पाणी एवढ्याशा नदीत उतरते.

याचा आपल्या कामाशी संबंध असा. सिरोंच्यात आभाळ निरभ्र असते, ऊन पडलेले असते, आणि तरी पूर येतो. भंडाऱ्याजवळ गोसीखुर्दचे दरवाजे उघडले, वर्धेला पाणी आले, की त्याचा लोंढा एक-दोन दिवसांनी इथे येतो. त्याच वेळी गोदावरीही भरून वाहत असेल, वर श्रीरामसागर आणि येल्लमपल्लीतून विसर्ग सुरू असेल, तर प्राणहितेला पुढे जायला वाट राहत नाही. ती तुंबते आणि नाल्यांतून मागे फिरून शेतात, वस्तीत शिरते. खाली इंद्रावती फुगलेली असेल तर गोदावरीही रेंगाळते. जुलै २०२२ मध्ये हेच झाले. काठची गावे रातोरात हलवावी लागली. पलीकडे कन्नेपल्लीचे अवाढव्य पंपघर पाण्याखाली गेले. १९८६ चा पूर पाहिलेली म्हातारी माणसे त्या दिवसांत ओट्यावर बसून खुणा सांगत होती: तेव्हा पाणी इथवर होते, या वेळी तिथवर आले. त्या खुणा कुठल्याही कागदावर नाहीत. तेव्हा साहेब, फक्त सिरोंच्याचा हवामान अंदाज पाहून निर्धास्त राहू नका. तीन राज्यांतल्या धरणांवरच्या माणसांचे फोन नंबर आपल्या डायरीत जूनच्या आधी असले पाहिजेत. शेजारच्या राज्यातला आपल्याच दर्जाचा अधिकारी आपल्याला नावाने ओळखत असला पाहिजे. पुराच्या रात्री पत्रव्यवहार करायला सवड नसते.

आता इतिहास. आज आम्ही टोकाला आहोत असे दिसते, पण दीडशे वर्षांपूर्वी हे जिल्ह्याचे मुख्यालय होते. हा प्रदेश हैदराबादच्या निजामाचा. १८५७ नंतर इंग्रजांनी निजामाशी डिसेंबर १८६० मध्ये तह केला. त्यांनी धाराशिव, रायचूर दुआब वगैरे मुलूख निजामाला परत दिला आणि गोदावरी-प्राणहितेच्या डाव्या काठचा पट्टा स्वतःकडे घेतला. सिरोंचापासून खाली नुगूर, अल्बाका, चेर्ला, भद्राचलम, रेकपल्लीपर्यंतचा हा पट्टा म्हणजे 'अप्पर गोदावरी' जिल्हा, आणि त्याचे मुख्य ठाणे सिरोंचा. भद्राचलमच्या रामाचे देऊळ एके काळी सिरोंच्याच्या कचेरीच्या हद्दीत होते, हे आज गावातल्या पोरांनाही सांगितल्याशिवाय खरे वाटत नाही. इथला डेप्युटी कमिशनर कॅप्टन ग्लासफर्ड याने १८६२ मध्ये बस्तर संस्थानावर तपशीलवार अहवाल लिहिला. म्हणजे बस्तरचा कारभार समजून घ्यायला इंग्रज सरकार सिरोंच्याकडे पाहत होते. नदीकाठचे जुने विश्रामगृह, झाडांमधली जुनी सरकारी आवारे त्या काळाची आहेत.

इंग्रजांना हा पट्टा हवा होता तो पाण्याच्या वाटेसाठी. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे आर्थर कॉटन यांचे स्वप्न होते की नागपूर-वऱ्हाडचा कापूस बोटींनी वर्धा, प्राणहिता, गोदावरीवरून थेट समुद्रापर्यंत न्यावा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा या योजनेला जोर चढला. वाटेत तीन ठिकाणी खडकांच्या रांगा आडव्या येत होत्या: दुम्मागुडेम, एन्चमपल्ली आणि अहेरीजवळ देवलमरी. कर्नल हेग यांच्या देखरेखीखाली कालवे, बंधारे, लॉक (बोटी वर-खाली नेण्याचे पाण्याचे दरवाजे) यांची कामे निघाली. मलेरियाने माणसे पटापट मरत, कामावर मजूर टिकत नसत. मग १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि कापूस मुंबईकडे वळला. १८७१ मध्ये काम बंद केले. १८७४ मध्ये जिल्हाच मोडला: भद्राचलम आणि रेकपल्ली मद्रास इलाख्यात गेले, सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नुगूर, अल्बाका, चेर्लाही गेले. मुख्यालयाचे गाव तालुक्याचे झाले, आणि तालुक्याचा तळही कापला गेला.

या भागात लोक इंग्रजांच्या कारभारासमोर हात जोडून बसले नव्हते, हेही आपल्याला ठाऊक असावे. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके आणि अडपल्लीचे व्यंकटराव यांनी अहेरी भागात उठाव केला. प्राणहितेच्या काठी तार खात्याचे दोन इंग्रज मारले गेले. बाबूरावांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. गोंड आणि माडिया गावांत ते नाव आजही घरातल्या माणसाचे नाव घ्यावे तसे घेतात. गावसभेत बसाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

पुढच्या काळात हद्दीच्या रेषा तिथेच राहिल्या आणि पलीकडच्या पाट्या बदलत गेल्या. पलीकडचे निजामाचे हैदराबाद संस्थान भारतात आले, मग हैदराबाद राज्य, १९५६ नंतर आंध्र प्रदेश, २ जून २०१४ पासून तेलंगण. तिथला आदिलाबाद जिल्हा फुटून मंचेरियाल झाला, करीमनगरमधून भूपालपल्ली निघाला. इंद्रावतीपलीकडचा बस्तर आधी दंतेवाडा, मग बिजापूर. आमच्या बाजूला मध्य प्रांत, मग द्विभाषिक मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र, आणि २६ ऑगस्ट १९८२ पासून चांद्यातून वेगळा झालेला गडचिरोली. आपल्या टेबलावर कुणी आजोबांच्या काळचा कागद ठेवला आणि त्यावर भलत्याच राज्याचे, भलत्याच जिल्ह्याचे नाव असले, तर तो माणूस परराज्यातला आहे असे लगेच ठरवू नका. माणूस हलला नाही. त्याच्या आजोबांच्या पाठीमागे पाट्या बदलल्या.

कागदांचा विषय निघाला आहे तर खिडकीवरची एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ती आपल्या हातात आहे. तेलुगू घरांत आडनाव आधी आणि नाव नंतर सांगायची रीत आहे. म्हातारा खिडकीपाशी येतो, विचारले की आडनाव आणि मग 'समय्या' असे सांगतो. नागपूर-अमरावतीकडून आलेला कारकून सवयीने पहिला शब्द नावाच्या रकान्यात आणि दुसरा आडनावाच्या रकान्यात टाकतो. कधी 'समय्या' वडिलांच्या रकान्यात जातो. सातबाऱ्यावर एक क्रम, आधारवर दुसरा, बँकेच्या पासबुकात तिसरा, पोराच्या शाळेच्या दाखल्यात चौथा. वर 'य्या' कुठे 'या' होतो, कुठे 'अय्या'. पुराची नुकसानभरपाई खात्यात जमा व्हायची वेळ येते तेव्हा यंत्र म्हणते, नाव जुळत नाही. मग तो म्हातारा प्रतिज्ञापत्र, राजपत्र, पुन्हा आधार केंद्र असे फिरत राहतो, एका फेरीला एक मजुरी बुडवून. खिडकीवर बसणाऱ्या माणसाला ही एक रीत पहिल्या दिवशी समजावून सांगितली आणि 'आडनाव कोणते, नाव कोणते' एवढे विचारायची सवय लावली, तर शेकडो घरांचा त्रास वाचेल. याला शासन निर्णय लागत नाही.

भाषेबद्दल थोडे आणखी. इथे तेलुगू बोलणारा माणूस मराठी राज्यात पाहुणा म्हणून राहत नाही. त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन इथे आहे आणि मराठीवर त्याचा तितकाच हक्क आहे जितका सदाशिव पेठेतल्या माणसाचा. बतुकम्माच्या दिवसांत रानफुलांचे थर रचून बाया गाणी म्हणत नदीकडे जातात, आणि त्याच घरांत गणपती, पोळा, मार्बतही असते. वली हैदर शहा बाबांच्या दर्ग्याच्या उरुसाला सगळ्या धर्मांची माणसे जातात. मेडारमला सम्मक्का-सारलम्माच्या जत्रेला दर दोन वर्षांनी घरेच्या घरे कुलूप लावून निघतात. पहिलीतले पोर शाळेत येते तेव्हा त्याला पाण्याला 'नीळ्ळु' माहीत असते, जंगलाकडच्या पोराला त्याचाही शब्द वेगळा. ते गप्प बसते म्हणून मंद आहे असे शेरे लिहिलेले मी पाहिले आहेत. शिक्षक बंधू-भगिनींनो, आपण शंभर तेलुगू शब्द शिकलात तर ते पोर सहा महिन्यांत मराठी बोलू लागते. इथल्या जुन्या गुरुजींनी हे वर्षानुवर्षे करून दाखवले आहे. त्यांना भेटा, ते आनंदाने शिकवतील.

अंतराचे गणित आपल्याला रुजू होताना कळेलच. गडचिरोली दोनशे किलोमीटरहून जास्त, त्यात आलापल्लीपासूनचा रस्ता पावसाळ्यात कसा होतो ते लिहायला नको. हैदराबाद आम्हाला नागपूरपेक्षा जवळ आहे. मुंबईत सूर्य उगवण्याआधी जवळजवळ अर्धा तास तो आमच्याकडे आलेला असतो, आणि कार्यालयाची वेळ मात्र एकच! मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा सकाळी लवकर आलेल्या माणसाला दुपारपर्यंत ताटकळत ठेवू नका, त्याला परत जायला जंगलातून तीस-चाळीस किलोमीटर असतात. गोदावरीवर कालेश्वरमकडे, प्राणहितेवर मंचेरियालकडे आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणमकडे पूल झाले, हा माझ्या हयातीतला सर्वांत मोठा बदल. त्याआधी नावेत बसूनच पलीकडे जावे लागे. पूर आला की बाळंतीण असो की वऱ्हाड, काठावर थांबणे हाच उपाय होता. आता आजारी माणूस वरंगळ, करीमनगर, मंचेरियालला जातो. रेल्वे पकडायची तर मंचेरियाल. यात निष्ठेचा प्रश्न कुणी काढू नये, जिथला रस्ता धड आहे तिथे रुग्ण जाणारच. आपल्या बाजूचे रुग्णालय डॉक्टरांनी भरलेले राहिले, रस्ता टिकला, तर लोक आपल्या बाजूला राहतील.

शेतीचेही तसेच. नदीकाठच्या काळ्या, गाळाच्या जमिनीत मिरची आणि कापूस पिकतो. जानेवारीनंतर तालुक्यात फिरा. खळ्यावर लाल मिरची पसरलेली असते, हवेतच तिखट असते, अनोळखी माणसाला शिंकांवर शिंका येतात. बाया तोंडाला पदर बांधून ओळीने बसलेल्या असतात आणि वाळत घातलेल्या मिरचीतून पांढरट डाग पडलेली वेगळी काढत असतात. तिला इथे 'तालू' म्हणतात आणि तिचा भाव चांगल्या मिरचीच्या तुलनेत फारच कमी. दिवसभर तिखटात राहिलेले हात रात्री झोपू देत नाहीत. दव पडले किंवा अवकाळी सर आली की लालाची तालू व्हायला वेळ लागत नाही. मग ताडपत्री झाकण्यासाठी सगळे घर रात्री खळ्यावर. ही मिरची पोत्यांत भरून वरंगळच्या एनुमामुला बाजारात जाते, कारण मोठे व्यापारी, शीतगृहे आणि भावाची चढाओढ तिकडे आहे. भामरागड, एटापल्लीकडचे मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात, त्यांच्याबरोबर पोरेही जातात आणि शाळेचा हजेरीपट रिकामा होतो. पंचनामे करणाऱ्या आमच्या बंधूंना एवढेच सांगणे, की धान पडले तर ते उभ्या शेतात दिसते, पण मिरचीचे नुकसान बऱ्याचदा खळ्यावर झालेले असते. शेतात जाऊन 'पीक काढून झाले आहे' असे लिहून परतू नका.

आता मेडिगड्डा, म्हणजे गोदावरीवरचा दरवाजांचा बंधारा. हा विषय आपल्या कार्यकाळात रोज आपल्या दारात येईल.

एन्चमपल्लीच्या खडकांपासून या नदीवर मोठ्या योजना आखल्या जात आहेत. स्वातंत्र्यानंतर त्याच जागी इंचमपल्ली धरणाची कल्पना निघाली, राज्याराज्यांत करार झाले, बुडणाऱ्या गावांच्या चर्चेने इथल्या दोन पिढ्या अस्वस्थ राहिल्या, आणि धरण झाले नाही. मग तेलंगण झाले आणि कालेश्वरम उपसा सिंचन प्रकल्प आला. महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यात २०१६ मध्ये करार झाला. संगमाच्या खाली, गोदावरीवर सुमारे १.६ किलोमीटर लांबीचा, ८५ दरवाजांचा बॅरेज उभा राहिला. २१ जून २०१९ रोजी उद्घाटन झाले, दोन्ही राज्यांचे मुख्यमंत्री उपस्थित होते. एक काठ त्यांचा, एक आमचा. पाणी मात्र उपसून तेलंगणच्या शेतांकडे जाणार होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बॅरेजचे काही खांब खचले आणि त्यानंतर दरवाजे उघडे ठेवावे लागले.

बॅरेज असा अडचणीत आला तरी आमच्या काठच्या शेतकऱ्याची अडचण संपली नाही. फुगवट्याने आणि सोडलेल्या पाण्याच्या धारेने काठ कापले जातात, ज्या जमिनीत मिरची होती तिथे वाळू येते किंवा जमीनच राहत नाही. संपादन झालेल्या जमिनीचा मोबदला, संपादन न होताच गेलेल्या जमिनीचा मोबदला, मोजणी कधीची धरायची, यासाठी लोक उपोषणाला बसले, मोर्चे काढले. यात कोणत्याही एका अधिकाऱ्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. माझे म्हणणे आहे की या प्रकरणांतला शेतकरी आपल्यासमोर येईल तेव्हा त्याच्या हातातल्या नकाशावरचा गट आणि आज नदीत असलेली जागा एकदा स्वतः पायी जाऊन पाहा. गट क्रमांक कागदावर जसाच्या तसा असतो, पण त्यातली दोन एकर गोदावरीने नेलेली असते. डोळ्यांनी पाहिलेल्या अधिकाऱ्याने लिहिलेला अहवाल आणि कार्यालयात बसून लिहिलेला अहवाल यांत काय फरक पडतो, ते आम्ही पाहिले आहे. भाव वाढवून द्या असे मी म्हणत नाही, ते आपल्या अधिकारात नसेल. खरे ते लिहा.

या नदीने जमीन नेली तशी एक ठेवही उघडी केली आहे, आणि तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पत्र पुरे होणार नाही. सिरोंच्याच्या उत्तरेला प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. तिथल्या चुनखडीत जुरासिक काळातल्या माशांचे जीवाश्म मिळाले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. भूवैज्ञानिक विल्यम किंग यांनी १८८१ मध्ये या खोऱ्याचा सविस्तर अभ्यास मांडला. जगभरातल्या भूशास्त्राच्या पुस्तकांत 'कोटा' हे थराचे नाव आहे. पुढे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने प्रा. महालनोबिसांच्या पुढाकाराने जीवाश्मांचे काम हाती घेतले आणि लंडनहून पामेला रॉबिन्सन यांना मार्गदर्शनासाठी बोलावले. आपल्याच तालुक्यातल्या पोचमपल्लीजवळ १९६१ च्या सुमारास एका प्रचंड शाकाहारी डायनासोरची सुमारे तीनशे हाडे खणून काढली, निदान सहा प्राण्यांची. १९७५ मध्ये त्याला नाव मिळाले, बारापासॉरस टागोराय. उत्खनन झाले ते वर्ष रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे होते, म्हणून त्यांचे नाव. बैलगाड्यांच्या वाटेने निघालेली ती हाडे आज कोलकात्याच्या संस्थेत जुळवून उभी केलेली आहेत. हैदराबादच्या बिर्ला संग्रहालयात त्याच थरातला, पलीकडच्या यमनपल्लीचा कोटासॉरस उभा आहे. ज्या गावांतून ही हाडे निघाली त्या गावांतल्या पोरांना मात्र त्यातले काही पाहायला मिळत नाही. वडधमला वनविभागाने दगड झालेल्या झाडांचे जीवाश्म उद्यान केले, ही चांगली सुरुवात आहे. वनाधिकाऱ्यांनी ते नीट राखावे. कोलकात्याच्या सांगाड्याची एक प्रतिकृती सिरोंच्यात आणावी, असे पत्र आपल्यापैकी कुणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पाठवले तर आमच्या पोरांवर फार उपकार होतील. लोकांनाही सांगितले पाहिजे की शेतात नांगराला लागलेला विचित्र दगड विकायचा किंवा फोडायचा नसतो. जंगलाचेही असेच आहे. महाराष्ट्रातल्या रानम्हशी उरल्या त्या याच वनविभागाच्या कोलामार्कात. इथे बदली होऊन आलेल्या वनरक्षकाला ते आधी सांगितले जाते का, हे मला विचारावेसे वाटते.

२०२७ मध्ये गोदावरीचे पुष्कर, म्हणजे बारा वर्षांनी येणारे नदीस्नानाचे पर्व, आहे. गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो आणि इकडे गोदावरी पुष्कर. नाशिकच्या तयारीचे आकडे रोज वर्तमानपत्रांत येतात. आमच्या घाटांवरही लाखो माणसे येतात. २०१५ च्या पुष्करात आणि एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेच्या पुष्करात ती आली होती. पलीकडे कालेश्वरमला पक्के घाट, दिवे, बस, सगळे असते. गर्दी पूल ओलांडून इकडे येते तेव्हा आमच्याकडे शौचालये आणि पिण्याचे पाणी यांचीच धावाधाव होते. गोदावरीच्या पुष्कराची वेळ पावसाच्या तोंडावरची असते, हे वर लिहिलेल्या पुराच्या गणिताशी जोडून पाहा. नाशिकच्या नदीसाठी राज्य जे करते त्याचा थोडा वाटा तीच नदी पुन्हा भेटते तिथेही यावा, ही मागणी वर पोहोचवणारा अधिकारी आम्हाला हवा आहे.

राहण्याबद्दल स्पष्टच लिहितो. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम केल्याबद्दल शासन आपल्याला एकस्तर वेतनश्रेणी देते, भत्ता देते. तो आपला हक्क आहे. या भागात पोलिसांनी आणि गावकऱ्यांनीही माणसे गमावली आहेत, भीतीचे दिवस आम्ही विसरलेलो नाही. त्याच्या मोबदल्यात आमचे मागणे एवढेच की मुख्यालयी राहा. शुक्रवारी दुपारी निघून सोमवारी दुपारी उगवणाऱ्या गाडीची वाट पाहत लोक बाकावर बसलेले असतात. सिरोंच्यात भाड्याने घर मिळते, शेजारच्या अक्का पहिल्या आठवड्यातच सकिनालु किंवा सर्वपिंडी आणून देतात, आणि आपली मुले इथे चार महिन्यांत तेलुगू बोलू लागतात. कुटुंब आणणे जमणार नसेल तर आम्ही समजू शकतो. पण पावसाळ्याचे चार महिने तरी आपण स्वतः इथे असा.

शेवटची विनंती. आपण जाताना नंतर येणाऱ्यासाठी एक टिपण लिहून ठेवा. कार्यभार सोपवण्याच्या छापील यादीत कपाटे, खुर्च्या आणि शिक्के असतात, त्यात हे नसते. पूर चढू लागला की कोणत्या नाल्यावरचा रस्ता आधी बंद होतो, कोणत्या गावात होडी आणि ती चालवणारा माणूस आहे, पलीकडच्या राज्यात कुणाला फोन करायचा, २०२२ मध्ये कोणत्या शाळेत लोक हलवले आणि तिथे काय कमी पडले, कोणत्या गटाची मोजणी कुठे अडली आहे, कोणत्या गावात दुभाषा लागतो. दहा पाने पुरतील. आधीच्यांची अशी टिपणे मिळाली असती तर आपल्याला हे पत्र वाचावे लागले नसते. आपल्यापासून सुरुवात झाली तर पुढच्या माणसाची पहिली दोन वर्षे वाचतील. तोंडी माहिती सांगणारी म्हातारी माणसे अजून आहेत, त्यांच्याकडून घेऊन ती लिहायला मी आपल्याबरोबर बसेन. कधीही निरोप द्या.

कळावे.

आपला,
सिरोंच्याचा एक रहिवासी